येताना जुनी फाईल आणा

"आधी वर्षभर दुसरीकडे जात होतो" असं सांगणारे पालक आमच्या व्यवसायोपचार केंद्रात (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार) सारखे येतात. तिथे काय करून घेत होते, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "चेंडू वगैरे खेळायला लावायचे." कागद एकही नसतो. मागितला नाही का? "कसं मागणार, त्यांना वाईट वाटेल."

वाटू दे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आपल्या नोंदींची प्रत मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. दोन ओळींचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, झेरॉक्सचे पैसे द्या. उद्या आमच्याकडचे उपचार थांबवायचे झाले, तर आमच्याकडेही असाच अर्ज करा. कारण विचारणार नाही.

कागद नसला की काय होतं? समजा, अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या काकांच्या मुठीची ताकद नऊ किलो भरली. तीन महिन्यांपूर्वी ती चार होती की बारा? चार असेल तर चाललंय ते चालू द्यायचं. बारा असेल तर काहीतरी बिघडलंय, आधी डॉक्टरांकडे पाठवायचं. तो एक आकडा नसल्यामुळे दोन सेशन चाचपडण्यात जातात, आणि पैसे तुमचे जातात.

"पहिल्या दिवशी सव्वा तास नुसती तपासणी!" ही तक्रार आम्हाला माहीत आहे. पण शर्टाचं बटण लावायला किती वेळ लागतो, भाकरीचा तुकडा कोणत्या बोटांनी मोडतो, हे न बघता व्यायाम देणं म्हणजे अंदाजपंचे कारभार. जुनी फाईल असेल तर हेच काम पाऊण तासात होतं आणि तपासणीची फी आम्ही निम्मी घेतो.

आता पाटीबद्दल. व्यवसायोपचार हा विषय मुंबईत केईएम रुग्णालयात १९५० पासून शिकवला जातो, तरी नाव काही रुळलं नाही. एक गृहस्थ धंद्यासाठी कर्ज मिळेल का, हे विचारून गेले! या गोंधळातच चार आठवड्यांचा कोर्स केलेले लोकही पाट्या लावतात. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेचा कायदा २००२ चा आहे आणि नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. कुठेही जा, नोंदणी क्रमांक विचारा. आमचा दाराशेजारच्या फ्रेममध्ये आहे. फोटो काढा, परिषदेकडे पडताळून बघा. वागणुकीबद्दल तक्रार असेल तर तीही तिथेच करायची. पैशांवरून वाद झाला तर ग्राहक आयोग आहे, मात्र दोन वर्षांच्या आत.

आमच्याकडे मुलावर उपचार होतात त्या खोलीच्या दाराला काच आहे, ती तुमच्यासाठीच. खुशाल डोकवा, फक्त हाका मारू नका. त्याचं सगळं लक्ष तुमच्याकडे जातं. व्हिडिओ आम्ही तुमच्या सहीशिवाय काढत नाही, आणि तुम्हीही शेजारच्या मुलाचा काढू नका.

फोनवर वेळ घेताना "फाईल आहे" एवढं सांगा, म्हणजे पाऊण तासाची वेळ देता येईल.