मार्गदर्शक शिकाऱ्याची रायफल

आफ्रिकेच्या दक्षिण व पूर्व भागांत परवान्याने होणाऱ्या हत्ती, सिंह, पाणघोडा आणि केप बफेलो म्हणजे आफ्रिकी रानरेडा यांच्या शिकारीत पाहुण्या शिकाऱ्याबरोबर एक व्यावसायिक शिकारी मार्गदर्शक म्हणून असतो. तो स्वतःजवळ जी भरलेली रायफल बाळगतो, तिच्या निवडीचा विचार या नोंदीत केला आहे. पहिली गोळी झाडण्याचा हक्क पाहुण्याचा असतो; मार्गदर्शकाची रायफल बहुतेक दिवस खांद्यावरच राहते. पाहुण्याचा नेम चुकून जखमी जनावर दाट झुडपात शिरले, की त्याचा माग काढून त्याला वेदनेतून सोडवणे आणि माग काढणाऱ्या माणसांना जिवंत परत आणणे ही मार्गदर्शकाची जबाबदारी ठरते. झिंबाब्वेत या कामाचा परवाना मिळवण्यासाठी लेखी परीक्षा, अनुभवी शिकाऱ्याच्या हाताखालची उमेदवारी, नेमबाजीची चाचणी आणि शेवटी रानातली प्रात्यक्षिक परीक्षा अशा पायऱ्या पार कराव्या लागतात. हे काम किती गंभीर मानले जाते, हे त्यावरून दिसते.

ही गरज पाहुण्याच्या गरजेहून वेगळी आहे. पाहुणा जनावर शांत उभे असताना, टेकू घेऊन, पन्नास-साठ मीटरांवरून नेम धरतो. मार्गदर्शकावर गोळी झाडण्याची वेळ येते तेव्हा जनावर बहुधा अंगावर येत असते, अंतर पंधरा-वीस मीटर असते आणि मध्ये फांद्या असतात. ताशी ४० किमी वेगाने येणारा रानरेडा वीस मीटर अंतर दोन सेकंदांच्या आत तोडतो. तेवढ्या वेळात एक नेमकी गोळी आणि जमल्यास दुसरी, एवढेच माणसाच्या हाती असते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ५०० ते ९०० किग्रॅ. असते आणि छातीत गोळी लागूनही तो काही काळ पुढे येत राहतो. त्याला जागेवर थांबवायचे तर गोळी मेंदूत किंवा मणक्यात पोचावी लागते, आणि त्यासाठी ती जाड हाड फोडून सरळ रेषेत आत शिरणारी असावी लागते.

वजनाचा प्रश्न तुलनेने नवा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सफारीवर जड दुनळी रायफल वाहण्यासाठी वेगळा नोकर असे आणि शिकारी ती प्रसंगी त्याच्या हातून घेई. आजचा मार्गदर्शक पहाटेपासून दुपारपर्यंत, कित्येकदा अंधार पडेपर्यंत, कळपाच्या मागावर स्वतःची रायफल स्वतःच वाहतो. .६०० नायट्रो एक्सप्रेस जातीच्या (आकडा म्हणजे कॅलिबर, गोळीचा इंचांतला अंदाजे व्यास) दुनळीचे वजन सात किलोच्या घरात जाते, तर .४७० ची दुनळी साडेचार ते पाच किलोंची असते. ऑक्टोबरच्या उन्हात झांबेझीच्या खोऱ्यात सहा तास चालल्यावर हा प्रत्येक अर्धा किलो जाणवतो. थकलेला माणूस रायफल माग काढणाऱ्याकडे देतो किंवा आडवी खांद्यावर टाकून हात सैल सोडतो, आणि नेमकी तेव्हाच ती हाताशी नसते. हलक्या रायफलीची मागणी या अनुभवातून आली आहे व ती रास्त आहे.

मात्र हलकेपणाला मर्यादा आहे, आणि ती पदार्थविज्ञानाने घातलेली आहे. एकाच काडतुसाच्या, गोळी सुटताना खांद्यावर बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. साडेचार किलोची रायफल साडेतीन किलोंवर आणली, तर धक्का सुमारे २९ टक्क्यांनी वाढतो. मुळात .४५८ विंचेस्टरचा धक्का तेवढ्याच वजनाच्या .३७५ च्या रायफलीपेक्षा साधारण दीडपट असतो. धक्का सोसण्यापुरता प्रश्न असता, तर तो सोसता आला असता. खरी अडचण अशी, की नळी उसळून वर जाते, ती पुन्हा जनावरावर आणायला वेळ लागतो आणि दुसरी गोळी उशिरा सुटते. शिवाय जी रायफल झाडताना दुखते, तिच्याशी सराव टाळला जातो, आणि सराव नसलेल्या हातात कोणतीही रायफल भरवशाची राहत नाही. त्यामुळे .३७५ साठी साडेतीन ते चार किलो आणि .४१६ किंवा .४५८ साठी चार ते सव्वाचार किलो एवढे वजन, दुर्बिणीशिवाय, योग्य मानावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. याहून कमी वजनाची जड कॅलिबरची रायफल दुकानात हातात घेताना सुखद वाटते, पण रानात ती घातक ठरू शकते.

वजन कमी करायचे तर कुठून, हेही पाहावे लागते. नळी ६१ सेंमी.वरून ५१ सेंमी.वर आणल्यास गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २५ ते ३० मीटरांनी घटतो. वीस मीटरांच्या अंतरावर या घटीला काही अर्थ नाही, उलट आखूड नळी मोपानेच्या झुडपात फांद्यांना अडकत नाही आणि चटकन वळते. अक्रोडाच्या लाकडाऐवजी कृत्रिम तंतूंचा दस्ता घेतल्यास वजन घटते व दमट हवेत तो फुगत किंवा पिळवटत नाही. मोझांबिकमधील मारोमेऊच्या पाणथळीत गुडघाभर चिखलातून चालताना हा गुण मोलाचा ठरतो. लाकडी दस्ता असेलच, तर धक्क्याने तो मनगटापाशी चिरू नये म्हणून आरपार बसवलेले पोलादी आडवे बोल्ट असावेत. यंत्रणेच्या भागांतून पोलाद कोरून काढून मिळवलेला हलकेपणा मात्र टाळावा.

विश्वासार्हतेचा विचार याच्याही आधी यायला हवा. जर्मनीत १८९८ मध्ये आलेल्या माउझर यंत्रणेचा आराखडा या कामात आजही मापदंड मानला जातो, आणि त्याचे कारण तिच्या बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत सारणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, बाजूला असलेला रुंद पोलादी पंजा हे आहे. काडतूस मॅगझिनमधून वर येताच त्याची कड या पंजाखाली सरकते आणि तेव्हापासून रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत ते बोल्टच्या ताब्यात राहते. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेत बोल्ट काडतुसाला फक्त पुढे ढकलतो आणि मूठ पूर्ण खाली वळल्यावरच पकडतो. घाबरलेल्या माणसाने बोल्ट पुढे नेला, पण मूठ खाली न वळवताच पुन्हा मागे ओढला, तर या दुसऱ्या प्रकारात पहिले काडतूस नळीतच राहते व मॅगझिनमधले दुसरे त्याच्या पाठीत जाऊन रुतते. ही अडचण शांतपणे अर्ध्या मिनिटात सोडवता येते, पण समोर रानरेडा असताना अर्धे मिनिट मिळत नाही. विंचेस्टरच्या १९३६ च्या मॉडेल ७० मध्ये माउझरसारखा पंजा होता, १९६४ मध्ये तो काढण्यात आला आणि शिकाऱ्यांच्या नाराजीनंतर काही दशकांनी परत आणण्यात आला. या रायफलीची तीन टप्प्यांची सेफ्टी थेट स्ट्रायकरला, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या खिळीला, अडवते आणि मधल्या टप्प्यावर नळी सुरक्षितपणे रिकामी करता येते. मार्गदर्शकासाठी ही सोय विशेष उपयोगी आहे, कारण माग काढणारे त्याच्या पुढे चालत असतात आणि नळी पुढे करून खांद्यावर रायफल टाकण्याच्या आफ्रिकी पद्धतीत ती त्यांच्या पाठीकडे वळण्याचा धोका कायम असतो.

नवी रायफल कितीही नावाजलेल्या कारखान्याची असली, तरी तपासल्याशिवाय रानात नेऊ नये. मॅगझिन पूर्ण भरून बोल्ट अगदी सावकाश चालवावा, मग जोरात, मग रायफल आडवी धरून. काडतुसे बोथट नाकाची असोत वा गोल नाकाची, एकही अडता कामा नये. मॅगझिनचे तळाचे झाकण धक्क्याने आपोआप उघडते का, हे पाहण्यासाठी भरलेल्या मॅगझिनने सलग गोळ्या झाडून पाहाव्यात. झाकण उघडून सगळी काडतुसे गवतात सांडण्याचा प्रकार काल्पनिक नाही. वंगण अगदी पातळ व बेताचे असावे, कारण घट्ट तेलावर कोरड्या हंगामातली धूळ बसून तिची पेस्ट होते.

कॅलिबरबद्दल आफ्रिकेत शंभर वर्षे वाद चालू आहे. स्कॉटलंडचा हस्तिदंत-शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल (१८८०–१९५४) याने ७ मिमी. माउझरसारख्या हलक्या रायफलींनी हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्याचा दाखला आजही दिला जातो. हा दाखला येथे गैरलागू आहे. बेल बेसावध हत्तीच्या मेंदूवर, स्वतः निवडलेल्या कोनातून व क्षणी गोळी झाडत असे. मार्गदर्शकाला क्षण व कोन निवडता येत नाही. .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) हे १९१२ चे काडतूस १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने फेकते व नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा सुमारे ५,७५० जूल असते. अनेक आफ्रिकी देशांत मोठ्या जनावरांसाठी कायद्याने ठरवलेली किमान पातळी याच्या आसपास आहे. पाहुण्यासाठी ते उत्तम आहे. मार्गदर्शकासाठी ते खालची सीमा समजावे. १९११ चे .४१६ रिग्बी २६.६ ग्रॅमच्या गोळीला सुमारे ६,९०० जूल ऊर्जा देते, आणि प्रशस्त पुंगळीमुळे आतला दाब कमी राहत असल्याने भर उन्हात तापलेली पुंगळी नळीत चिकटत नाही. मात्र तिच्या लांबी-जाडीसाठी मोठी व जड यंत्रणा लागते. याउलट .४५८ विंचेस्टर मॅग्नम (१९५६) ची पुंगळी ६३.५ मिमी. एवढीच असल्याने ते साध्या लांबीच्या यंत्रणेत बसते, रायफल हलकी राहते आणि बोल्टची ओढ आखूड असल्याने घाईत ती अर्धवट राहण्याचा संभव घटतो. त्याच्या सुरुवातीच्या काडतुसांत ठासून भरलेली दारू कालांतराने गठ्ठा होऊन वेग घसरत असे. मोझांबिकमध्ये रानरेड्याने जखमी केलेला अमेरिकी शिकारी जॅक लॉट याने पुढे लांब पुंगळीचे .४५८ लॉट तयार केले. आधुनिक दारूमुळे मूळ .४५८ चा हा दोष बराच दूर झाला आहे, आणि हलक्या मार्गदर्शक-रायफलीसाठी त्याची शिफारस करण्यास हरकत नाही. २००७ चे .३७५ रुगर हेही साध्या लांबीच्या यंत्रणेत जुन्या .३७५ इतके काम करते, पण आडगावच्या आफ्रिकी दुकानात त्याची काडतुसे मिळतीलच असे नाही. .३७५ एच अँड एच व .४५८ विंचेस्टर ही तिथे सहज मिळणारी काडतुसे आहेत आणि हा मुद्दा निवडीत खूप वर असायला हवा.

या कॅलिबरांच्या इतिहासात भारताचाही वाटा आहे. बंडखोरांच्या हाती .४५० च्या जुन्या लष्करी रायफलींची काडतुसे पडू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास भारत व सुदानमध्ये या व्यासाच्या काडतुसांवर बंदी घातली आणि लंडनच्या बंदूककारांना .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढावी लागली. त्यातले .४७० पुढे आफ्रिकेतील दुनळी रायफलींचे सर्वांत रूढ काडतूस बनले. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर अशी शिकार बंद झाली. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली.

दुनळीत दोन स्वतंत्र चाप व दोन स्वतंत्र खटके असल्याने बोल्ट न हलवता दोन गोळ्या सुटतात आणि एक बाजू बिघडली तरी दुसरी चालते. जवळच्या अंतरावर तिच्याहून चपळ काही नाही. पण तिची किंमत उमेदवाराच्या आवाक्याबाहेरची असते आणि तिच्या दोन्ही नळ्यांचा नेम एकाच प्रकारच्या काडतुसाला जुळवलेला असतो. हलकेपणा हाच निकष असेल, तर बोल्टची रायफल पुढे राहते.

नेमासाठी रुंद, उथळ V आकाराची मागची खाच आणि पुढे मोठा पांढरा मणी ही जुनी जोडी अजून उपयोगी आहे, कारण दोन्ही डोळे उघडे ठेवून ती दिसते. वयाने नजर मंदावलेल्या शिकाऱ्याला एकपट ते चौपट शक्तीची छोटी दुर्बीण बरी पडते. ती डोळ्यापासून नऊ-दहा सेंमी. दूर असावी, नाहीतर धक्क्याने भुवई फाटते, आणि हाताने क्षणात काढता येणाऱ्या पकडीवर बसवलेली असावी. गोळ्या एकजात घन धातूच्या, न फुटणाऱ्या घ्याव्यात. पाहुण्याच्या रायफलीत पहिली मऊ नाकाची गोळी ठेवण्याचा प्रघात रानरेड्यासाठी आहे, पण पळत्या जनावराला मागून किंवा समोरून थांबवायचे तर खोल शिरण्यालाच महत्त्व असते. सिंह व बिबट्या हे याला अपवाद आहेत. त्यांच्या पातळ कातडीच्या शरीरात लवकर पसरणारी मऊ गोळीच लागते.