सर्व्हरवरील निर्देशक दिवे

सर्व्हरच्या दर्शनी पट्टीवर, डिस्कच्या कप्प्यांवर आणि आतल्या सुट्या भागांपाशी बसवलेले छोटे एलईडी दिवे. हार्डवेअर ठीक आहे की बिघडले, हे त्यांवरून कळते. काही सर्व्हरांना जोडीला एक-दोन ओळींचा एलसीडी पडदाही असतो. डेटा सेंटरमध्ये बहुतेक सर्व्हरांना मॉनिटर जोडलेला नसतो आणि रॅकमधली, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायच्या उभ्या चौकटीतली, यंत्रे दिसायला सारखीच असतात. अशा रांगेत तंत्रज्ञाच्या नजरेस आधी पडतात ते हे दिवे.

हे दिवे मुख्यतः बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे बीएमसी, चालवतो. ऑपरेटिंग सिस्टीमवर ते अवलंबून नसतात. मदरबोर्डवरचा हा स्वतंत्र छोटा प्रोसेसर तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांचा वेग सतत मोजतो. वीज जोडलेली असेपर्यंत, मुख्य यंत्र बंद असले तरी, तो जागा असतो. डेलच्या सर्व्हरमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ. घडलेली प्रत्येक दखलपात्र गोष्ट तो सिस्टीम इव्हेंट लॉगमध्ये वेळेसह लिहून ठेवतो. या देखरेखीसाठी इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आयपीएमआय हे समाईक मानक आणले. रंगांचे अर्थ मात्र कंपनीगणिक वेगळेच राहिले.

गोंधळ होतो तो इथेच. डेलच्या पॉवरएज सर्व्हरवर स्थिर निळा दिवा म्हणजे सर्व ठीक; तोच निळा लुकलुकू लागला तर रांगेतले नेमके यंत्र सापडावे म्हणून कोणीतरी ओळखीची खूण चालू केलेली असते. एचपीईच्या प्रोलायंटवर प्रकृतीचा दिवा हिरवा असतो आणि स्थिर निळा ही ओळखीची खूण असते. तिथे निळा लुकलुकत असेल, तर दुरून काम किंवा फर्मवेअरची, म्हणजे हार्डवेअरमध्येच साठवलेल्या प्रणालीची, सुधारणा चालू असू शकते. अशा वेळी वीज तोडू नये. अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी रंगाचेही तसेच. डेलवर लुकलुकणारा अंबर दिवा बिघाड दाखवतो, तर प्रोलायंटच्या पॉवर बटणावरचा स्थिर अंबर फक्त यंत्र स्टँडबायमध्ये, म्हणजे वीज जोडलेली पण यंत्र बंद अशा स्थितीत, असल्याचे सांगतो. म्हणून रंग पाहण्याआधी यंत्र कोणत्या कंपनीचे, दिवा कोणत्या जागेचा आणि तो स्थिर आहे की लुकलुकतो, हे पाहावे लागते.

दिवा बिघाड आहे एवढेच सांगतो. कारण संदेशात किंवा लॉगमध्ये सापडते. डेलचा पीएसयू ०००१ हा संदेश पॉवर सप्लाय निकामी झाल्याचा, तर पीएसयू ०००३ त्याच्यापर्यंत वीजच पोचत नसल्याचा. दुसऱ्या प्रसंगी आधी केबल आणि रॅकमधली पॉवर पट्टी तपासायची असते. संदेश न वाचता नवा पॉवर सप्लाय मागवला, तर तो बसवूनही तक्रार तशीच राहते. जुन्या पॉवरएजच्या पडद्यावर ई अक्षराने सुरू होणारे संकेत बिघाडाचे आणि डब्ल्यूचे इशाऱ्याचे असत. डब्ल्यू १२२८ म्हणजे रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची रचना) सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या बॅटरीत २४ तासांहून कमी क्षमता उरली आहे.

आयबीएमच्या सर्व्हरमधील लाइट पाथ ही रचना या विषयातली विशेष देखणी कल्पना होती. पुढच्या पट्टीवरचा दिवा बिघाडाचा प्रकार सांगे आणि झाकण उघडल्यावर नेमक्या बिघडलेल्या भागाशेजारचा दिवा पेटलेला दिसे. काही मॉडेलांत वीज काढल्यावरही बटण दाबून हे दिवे थोडा वेळ पुन्हा पेटवता येत. समोर मेमरीच्या एकसारख्या पट्ट्यांची रांग असताना याची किंमत कळते.

सर्वांत जास्त जपायचे ते डिस्कच्या दिव्यांना. रेड ५ या प्रकारच्या रचनेत एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. पण घाईत शेजारची चांगली डिस्क उपसली, तर सगळा संच कोसळतो. हे टाळण्यासाठी प्रोलायंटच्या काही पिढ्यांतील डिस्कवर पांढरा दिवा दिला गेला. तो पेटलेला असताना डिस्क काढली, तर डेटाचा संच निकामी होतो. लिनक्सवर लेडसीटीएल या आज्ञेने हवी ती डिस्क लुकलुकवता येते. ती खूण पाहून, कप्प्याचा क्रमांक आणि डिस्कचा सिरियल नंबर जुळवून मगच हात घालावा.

भाग बदलल्यावरही संदेश लगेच जाईलच असे नाही. जुन्या पॉवरएजमध्ये तापमान, व्होल्टेज किंवा पंख्याची तक्रार मोजमाप पूर्ववत होताच आपोआप नाहीशी होई. इतर काही बिघाडांसाठी इव्हेंट लॉग पुसावा लागे किंवा वीज काढून पुन्हा जोडावी लागे. लॉग पुसला की त्या यंत्राचा मागचा सारा इतिहास जातो, त्यामुळे आधी त्याची प्रत काढून ठेवतात.