आडाच्या पाण्यात क्लोरीन किती उरला?

पाऊस लागला की खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या गावांत टीसीएल पावडरची, म्हणजे पाणी निर्जंतुक करायच्या ब्लिचिंग पावडरीची, पिशवी निघते. कुठे ओंजळभर, कुठे पेलाभर पावडर आडात कोरडीच टाकली जाते. पाण्यावर पांढरा थर धरतो, थोडा वास येतो आणि पाणी शुद्ध झालं असं सगळे धरून चालतात. पण पावडर किती टाकली यावर पाण्याची शुद्धता ठरत नाही. तासाभरानं त्या पाण्यात क्लोरीन किती उरला, यावर ठरते.

क्लोरीन हा मुळात वायू. रंग पिवळसर हिरवा, वजन हवेच्या सुमारे अडीचपट, वास नाकाघशाला झोंबणारा. स्वीडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी तो १७७४ मध्ये तयार केला आणि १८१० मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी तो मूलद्रव्य असल्याचं दाखवलं. समोर येईल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घ्यायचा, हा त्याचा स्वभाव. म्हणून निसर्गात तो मोकळा सापडत नाही. मिठात तो असतो, पण तिथं त्याला हवा तो इलेक्ट्रॉन आधीच मिळालेला असतो. त्या शांत रूपाला क्लोराइड म्हणतात, आणि चिमूटभर मीठ टाकून पाणी निर्जंतुक होत नाही ते त्यामुळंच. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन परत सुटा होतो. उसाच्या शेतात पुरलेल्या पीव्हीसी पाइपच्या वजनात निम्म्याहून जास्त वाटा याच क्लोरीनचा.

विरवलेल्या चुन्यावर हा वायू सोडला की ब्लिचिंग पावडर मिळते. उष्ण हवेत जास्त दिवस टिकावी म्हणून जादा चुना घातलेली तीच पावडर म्हणजे टीसीएल. ताज्या पावडरीत कामाचा क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. पिशवीचं तोंड उघडं राहिलं आणि खानापूरच्या पावसाळी दमटपणात ती महिनाभर पडून राहिली, की पावडर ओलसर होते, गुठळ्या धरते, वास मंदावतो. मग हातात उरतो तो बहुतेक चुनाच. पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. डिझेल, रॉकेल, खत यांच्याजवळ मुळीच नको, पेट घेण्याचा धोका असतो.

पावडर पाण्यात विरघळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. ते जंतूंच्या पेशीत शिरतं आणि आतला कारभार मोडून टाकतं. अडचण इतकीच की ते फक्त जंतूंवर जात नाही. कुजलेला पालापाचोळा, मातीचा गढूळपणा, पाण्यातलं लोह, शेणामुतातून आलेला अमोनिया हे सगळे आधी आपापला वाटा घेतात. त्यांचं भागल्यावर शिल्लक राहतो तोच क्लोरीन पुढं पाण्याची राखण करतो. झाडाखालच्या आडाला आणि कठडा बांधलेल्या स्वच्छ विहिरीला म्हणूनच एकच माप चालत नाही.

तरी सुरुवात मापानंच करायची. कासऱ्याला दगड बांधून तळापर्यंत सोडावा आणि जेवढा कासरा भिजला तेवढी पाण्याची खोली धरावी. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, त्याला खोलीनं गुणा, मग ३.१४ नं गुणून ४ नं भागा. उत्तर घनमीटरमध्ये येतं, आणि एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर या हिशेबानं इथं ७० ग्रॅम लागेल.

ही पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ लापशीसारखी करावी, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावं. एका बादलीत १०० ग्रॅमच्या वर नको. दहा मिनिटं हात लावायचा नाही. चुना तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी येतं. ते नितळ पाणी तेवढं दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं, चुना बाहेर टाकायचा. चुना आडात गेला तर पाणी जड होतं. शिवाय चुन्यानं पाणी अल्कधर्मी झालं की क्लोरीनची धार कमी होते, म्हणजे कोरडी पावडर टाकणं दुहेरी तोट्याचं. नितळ पाण्याची बादली दोरानं आडातल्या पाण्याखाली बुडवून वर-खाली, आडवी-तिडवी हलवावी, म्हणजे क्लोरीन तळापर्यंत मिसळतो. हे काम रात्री, शेवटची घागर भरून झाल्यावर करावं. ऊन क्लोरीन खातं, आणि रात्री पाण्याला स्वस्थ वेळही मिळतो.

किमान तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून उरलेला क्लोरीन मोजायची चाचणी, करावी. काचेच्या नळीत पाणी घेऊन किटवर लिहिलेले थेंब टाकले की पिवळा रंग येतो. तो पहिल्या दहा सेकंदांत किटमधल्या रंगांच्या पट्टीशी ताडून पाहावा. लगेच येणारा रंग मोकळ्या क्लोरीनचा, मागाहून गडद होणारा अमोनियाशी जोडल्या गेलेल्या मंद क्लोरीनचा. विहिरीवर लिटरला ०.५ मिलिग्रॅम हवा आणि घरच्या नळाला किमान ०.२. रंगच आला नाही तर क्लोरीन घाणीत खर्च झाला, पुन्हा मात्रा द्यावी. नुसत्या वासावर विसंबू नये.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेचा पूर ज्या विहिरीत शिरला, तिथं ही मात्रा पुरत नाही. आधी पाणी उपसून गाळ काढावा आणि कडा घासाव्यात. नव्यानं भरलेल्या पाण्यात हजार लिटरला ६० ग्रॅम पावडरीचं द्रावण मिसळून रात्रभर ठेवावं. सकाळी ते पाणी उपसून टाकावं आणि मगच नेहमीची मात्रा द्यावी.

घरच्या घागरीसाठी एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम ताजी पावडर कालवून निवळी बाटलीत भरावी, अंधारात ठेवावी आणि दर आठवड्याला नवी करावी. गढूळ पाणी आधी तुरटीनं निवळून, कापडातून गाळून घ्यावं. मग १५ लिटरच्या घागरीला चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर निवळी घालून अर्धा तास झाकून ठेवावं. जंतांची अंडी आणि काही आदिजीवांची (एकपेशी सूक्ष्म जीवांची) कवचं एवढ्यानं मरत नाहीत, त्यासाठी पाणी उकळावंच लागतं.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. संडास धुताना ब्लिचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र ओतू नये. आम्लानं पावडरीतला क्लोरीन वायूच्या रूपात सुटतो, आणि जड असल्यामुळं तो बंद मोरीत खालीच साठून राहतो. डोळे चुरचुरले, छाती आवळली तर लगेच बाहेर पडावं. वाकून पाणी मारत बसू नये. वारा ज्या दिशेनं येतो तिकडं, उंच आणि मोकळ्या जागी जावं. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर रात्र न काढता दवाखाना गाठावा, कारण फुप्फुसांत पाणी भरण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.