क्रीम कलर मारला की अंधारी खोली उजळते? नाही हो

खोलीत उजेड कमी आहे ना, मग क्रीम किंवा फिकट पिवळा मारा, खोली आपोआप उजळेल, हे वर्षानुवर्षं जो तो सांगत आलाय. पण भिंत काही दिवा नाहीये. रंग फक्त आलेला उजेड परत फेकतो, आणि खिडकीतून उजेडच येत नसेल तर फेकणार काय? त्यात क्रीममधला पिवळेपणा निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून प्लेन पांढऱ्यापेक्षा क्रीम थोडा कमीच उजेड परत देतो. ज्या खोलीत थेट ऊन न येता फक्त आकाशाचा निळसर उजेड येतो तिथे तर हाच रंग दुपारी मळकट, कधी हिरवट दिसतो, आणि मग लोक पेंटच्या क्वालिटीला दोष देतात.

रात्री उलटं. २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाचा रंग मोजायचं एकक) पिवळा बल्ब लावला की तीच भिंत एकदम लोण्यासारखी दिसते, ६५०० चा पांढरा लावला की फिक्की.

शेडकार्डवरच्या (पेंट कंपनीच्या रंगांच्या नमुना-कार्डावरच्या) चौकोनावर तर अजिबात जाऊ नका. चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात त्यामुळे खोलीत तो कार्डापेक्षा गडद वाटतो, म्हणून मला तरी एक शेड फिकट घेणंच बरोबर वाटतं. मोठ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात मारून तो वेगवेगळ्या भिंतींना टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. आणि खोली खरंच अंधारी असेल तर आधी दिवे वाढवा, सीलिंग पांढरं ठेवा, खिडकीवरचा जाड पडदा काढा.