कॅनन बॉलसाठी जागवलेली रात्र

आयर्लंडच्या पश्चिमेला कॉनेमारा नावाचा खडकाळ, ओलसर, वाऱ्याने झोडपलेला प्रदेश आहे. 1926 साली तिथल्या ऊक्टरार्ड गावाजवळ एक पोनी मेला. माणूस गेला की तिथे त्याच्याजवळ बसून रात्र जागवायची रीत आहे. गावकऱ्यांनी या पोनीसाठीही रात्र जागवली आणि पहाटे त्याला पुरलं.

त्याचं नाव कॅनन बॉल, जन्म 1904चा. गावच्या शेतकऱ्यांच्या शर्यतीत तो ओळीने 16 वर्षं पहिला आला. शर्यतीच्या आदल्या रात्री त्याला अर्धं पिंप ओट खायला घालत म्हणे. पोटाचं काय होत असेल देव जाणे! कॉनेमारा पोनींच्या पैदासकारांची संस्था 1923 मध्ये उभी राहिली आणि तिने वंशावळीची वही काढली, तेव्हा नरांमध्ये पहिला क्रमांक कॅनन बॉलला मिळाला.

मराठीत ‘तट्टू’ म्हटलं की ‘भाड्याचं’ हा शब्द आपोआप पुढे येऊन बसतो. पोनी म्हणजे उंचीत कमी पडलेला घोडा, अशी आपली समजूत. वेल्स, इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये मात्र प्रदर्शनाच्या रिंगणात उतरणारे पोनी घडवण्यात लोकांनी अख्खी हयात घालवली. त्यातला एखादा लाडका पोनी गेला की त्याच्या आठवणी निघतात, जुने फोटो बाहेर येतात आणि कोणीतरी हमखास म्हणतं, ‘त्याचं रक्त अजून आहे.’ हे वाक्य जीवशास्त्राच्या काट्यावर घालून पाहण्यासारखं आहे.

साधा हिशेब करू. शिंगराला निम्मी जनुकं आईकडून येतात, निम्मी बापाकडून. नातवंडात आजोबाचा वाटा सरासरी पाव. घोड्याची एक पिढी साधारण 10 वर्षांची धरली, तर कॅनन बॉलपासून आजच्या शिंगरापर्यंत 12 पिढ्या होतात. निम्म्याचं निम्मं करत गेलं की वाटा उरतो 4096 मध्ये एक. तोही कागदावर. जनुकं थेंबाथेंबाने वाटली जात नाहीत. गुणसूत्रांचे मोठाले तुकडे पुढे जातात. घोड्याकडे गुणसूत्रांच्या 32 जोड्या असतात. इतक्या पिढ्यांत एखाद्या पूर्वजाचा एकही तुकडा पोहोचला नाही, असं सहज घडू शकतं. वंशावळीत नाव असतं आणि अंगात काहीच नसतं.

तरीही ‘रक्त आहे’ हे म्हणणं पोकळ नाही, कारण पैदासकार हा हिशेब मुद्दाम बिघडवतात. आवडत्या नराच्या नातीला त्याच्याच दुसऱ्या मुलाकडे न्यायचं आणि तेच नाव वंशावळीत चार-पाच वाटांनी परत आणायचं, ही त्यांची जुनी रीत. जितक्या वाटा, तितके तुकडे टिकण्याची शक्यता जास्त. अशी गुंतागुंत आकड्यात मोजायची पद्धत अमेरिकन शास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी 1922 मध्ये दिली. एकाच पूर्वजाकडून आलेली जनुकाची तीच प्रत आई आणि बाप अशा दोन्ही बाजूंनी मिळण्याची शक्यता किती, हे तो आकडा सांगतो.

एखाद्या पूर्वजाची आठवण नुसत्या डोळ्यांनी दिसते ती वेल्समध्ये. तिथल्या डोंगरी पोनींचा आद्यपुरुष मानला जातो डायॉल स्टारलाइट. 1894 मध्ये जन्मलेला, राखाडी, पुढे पांढराशुभ्र झालेला. त्याचे पैदासकार म्यूरिग लॉइड. त्यांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग उलटं करून ‘डायॉल’ हा शब्द बनवला आणि तो आपल्या पोनींच्या नावापुढे लावला. घराण्याचं नाव पोनीच्या नावाआधी लावायचं आणि पोनी कितीही वेळा विकला गेला तरी ते बदलायचं नाही, असा हा रिवाज आहे. स्टारलाइट म्हातारपणी स्पेनला विकला गेला आणि 1929 मध्ये तिथेच वारला. नाव मात्र शेवटपर्यंत डायॉल स्टारलाइटच.

त्याच्या रंगाची गंमत अशी. राखाडी घोडा जन्मतः राखाडी नसतो. शिंगरू काळं, तपकिरी किंवा तांबूस जन्मतं आणि मग वर्षागणिक त्याचे केस पांढरे होत जातात. खालची कातडी काळीच राहते. 2008 मध्ये स्वीडनमधल्या उपसाला इथल्या संशोधकांनी याचं मूळ शोधलं. एसटीएक्स17 या जनुकात डीएनएचा सुमारे 4,600 अक्षरांचा एक तुकडा दोनदा लिहिला गेला आहे, जसा नक्कल करताना एखादा परिच्छेद चुकून पुन्हा उतरवला जावा. त्यामुळे केसांना रंग देणाऱ्या पेशी आधी अतिउत्साहाने काम करतात आणि लवकर संपून जातात. 2024 मधल्या संशोधनातून त्यात आणखी एक पदर उलगडला. तुकड्याच्या दोन प्रती असल्या तर केस सावकाश पिकतात, तीन असल्या तर झपाट्याने. सावकाश पिकणारे घोडे कॉनेमारा पोनींमध्ये सापडले.

हा गुण प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आला तरी दिसतो. तो लपून राहत नाही आणि पिढी गाळून पुढे जात नाही. म्हणजे प्रत्येक राखाडी पोनीचा बाप किंवा आई राखाडी असायलाच हवी, तिचेही आई किंवा बाप तसेच, आणि ही साखळी मागे कुठेही तुटलेली नसते. स्टारलाइटला हा रंग त्याची आई मूनलाइट हिच्याकडून आला. वर केलेला 4096 चा हिशेब इथे लागू पडत नाही. हा एक तुकडा एकतर अख्खा येतो किंवा येतच नाही, आणि आला की अंगभर दिसतो. स्टारलाइटवर लोक भाळले, त्याची संतती वेल्सभर पसरली आणि राखाडी रंग त्या जातीची ओळख होऊन बसला.

त्याची किंमतही आहे. वयाची 15 वर्षं ओलांडलेल्या राखाडी घोड्यांपैकी 70 ते 80 टक्क्यांना कातडीत मेलॅनोमाच्या, म्हणजे रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या, गाठी होतात. तीन प्रतींचे घोडे यात पुढे. सावकाश पिकणाऱ्यांना हा धोका फारसा दिसत नाही.

रंग सोपा आहे, उंची नाही. ब्रिटनमधल्या प्रदर्शनांत सवारीच्या पोनींचे गट उंचीवर ठरतात: 128, 138 आणि 148 सेंटिमीटर. जुनं माप ‘हँड’चं, म्हणजे तळहाताच्या रुंदीचं. एक हँड म्हणजे 4 इंच, सुमारे 10 सेंटिमीटर. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यावर मोजपट्टी टेकवतात. पट्टीची आडवी दांडी खाली येताना मालकाचा श्वास अडकतो, कारण एक सेंटिमीटर वर गेला की पोनी त्या गटातून बाद.

पैदासकाराला हवी असते अरबी घोड्याची ऐट, थरोब्रेडची, म्हणजे शर्यतीच्या घोड्याची, लांब, हलकी चाल आणि वेल्श पोनीचं डोकं. विसाव्या शतकाच्या मध्याला प्रदर्शनांत गाजलेली पोनी प्रिटी पॉली ही अरबी नर नसीलची मुलगी. पण मोठ्या घोड्याचं रक्त आणलं की उंचीही येते. तरी हे जमलं, कारण घोड्यात उंचीचा कारभार मोजक्या जनुकांच्या हाती आहे. माणसात उंचीवर हजारो जागांचा किंचित-किंचित परिणाम असतो. घोड्यांच्या निरनिराळ्या जाती एकत्र तपासल्या, तेव्हा आकारातल्या फरकाचा 83 टक्के भाग फक्त चार जागांवरून समजला (हा अभ्यास 2012चा). त्यातली एक जागा एचएमजीए2. तिथे एक अक्षर बदललं की उंची कमी होते. शेटलंड पोनींमध्ये प्रत्येक प्रतीमागे 9.5 सेंटिमीटर. जवळजवळ एक हँड! पैदासकार पट्टी लावून निवड करत होते तेव्हा, नकळत, याच अक्षराची निवड करत होते.

तेच अक्षर आणखी एक काम करतं. 2019 मध्ये वेल्श पोनींवर झालेल्या अभ्यासात बुटकेपणाचा हा बदल रक्तातल्या जास्त इन्सुलिनशीही जोडलेला आढळला. डोंगरावर हिवाळाभर सुकं गवत खाऊन जगणाऱ्या पोनीला अन्न साठवणारं शरीर लाभदायक. हिरव्यागार कुरणात बांधलेल्या पोनीला तेच घातक. इन्सुलिन चढलं की खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणारी ऊती सैल पडते, आणि पोनीला उभं राहणंही नको होतं. हा आजार लॅमिनायटिस. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात निरोगी पोनींना फक्त इन्सुलिन चढवलं, तेव्हाही तो उद्भवला. माझं मत विचाराल तर रिंगणात गुबगुबीत अंगाला मिळणारी दाद परीक्षकांनी आता आवरती घ्यावी.

लपलेल्या गुणांची कथा याहून अवघड. उत्तर इंग्लंडमधल्या फेल पोनींची काही शिंगरं जन्मतः ठणठणीत असत, काही आठवड्यांनी खंगू लागत आणि तीन महिन्यांच्या आत मरत. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती संपली की स्वतःची तयारच होत नसे. रक्तही तांबड्या पेशींवाचून फिकं पडे. अप्रभावी जनुकाचा हा दोष. दोन्हीकडून आला तरच दिसतो. 2010 मध्ये चाचणी उपलब्ध झाली आणि तपासणीत फेल पोनींपैकी सुमारे 38 टक्के वाहक निघाले. शेजारच्या डेल्स पोनींमध्ये हेच प्रमाण 18 टक्के. अशा 38 टक्के वाहकांत न पाहता जोड्या लावल्या तर 100 शिंगरांत तीन-चार दगावणार. कुणाच्यातरी लाडक्या, नावाजलेल्या पूर्वजाच्या वाटेने हे पसरलं असणार, आणि त्यात कुणाचा गुन्हा नव्हता, कारण वाहक पोनी अगदी निरोगी असतो.

मोह असा होतो की सगळे वाहक बाद करावेत. तसं केलं तर आधीच लहान असलेल्या जातीतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जनावरं गेली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे बाकीचे हजारो चांगले तुकडेही गेले. म्हणून वाहक घोडी ठेवायची आणि तिला दोष नसलेल्या नराकडेच न्यायची, हा शहाणा मार्ग. चाचणीसाठी आयाळीचे थोडे केस मुळासकट उपटून पाकिटात घालून पाठवायचे, एवढंच काम. डीएनए केसाच्या मुळाशी असतो. कात्रीने कापलेले केस चालत नाहीत.

पैदासकार जातात तेव्हा त्यांचे कळप विखुरतात. उत्तर वेल्समध्ये मार्गारेट ब्रॉडरिक यांनी 1924 मध्ये उभारलेलं कॉइड कोख हे घराणं (वेल्श भाषेत ‘लाल वन’) त्यांच्या पश्चात 1978 मध्ये लिलावात निघालं. त्यातला कॉइड कोख बारी 21,000 गिनींना विकला गेला आणि ऑस्ट्रेलियाला रवाना झाला. बाईंची वाडी तिथे गेली नाही, नाव गेलं.

वेल्समध्ये वसंतात शिंगरू जन्मतं, ओलं, काळं, पायांत अडखळणारं. ते राखाडी होणार का, हे जाणकार माणूस त्याच्या अंगावर शोधत नाही. शिंगराचं तोंड उजेडाकडे वळवून तो डोळ्यांभोवती पाहतो. पापण्यांच्या कडेला दोन-चार पांढरे केस चष्म्यासारखे उमटले असतील, तर नोंदणीच्या कागदावर, अंगावर एकही राखाडी केस नसताना, रंगाच्या रकान्यात तो लिहून टाकतो: राखाडी.