तोमाचा पिंजरा: डार्क रोमान्स खेळांतल्या पात्रांवरून होणाऱ्या भांडणांची पार्श्वभूमी

ओतोमे म्हणजे मुलींसाठीचे, जपानी धाटणीचे प्रेमकथेचे व्हिडिओ खेळ. ते खेळणाऱ्यांच्या कुठल्याही घोळक्यात ‘तोमा’ एवढं नाव टाका आणि बाजूला उभे राहा. पाच मिनिटांत दोन तट पडतात.

तोमा हे ‘अ‍ॅम्नेशिया’ या जपानी व्हिज्युअल नॉव्हेलमधलं पात्र. ओतोमेइट या ब्रँडचा हा खेळ जपानमध्ये २०११ साली आला आणि २०१५ मध्ये इंग्रजीत. नायिकेची स्मृती गेलेली आहे. तोमा तिचा लहानपणापासूनचा मित्र, जवळपास मोठ्या भावासारखा. तो तिला सांगतो की आपलं जमलेलं आहे, आणि ते खोटं असतं. मग तो तिला स्वतःच्या घरी आणून ठेवतो, पिण्यातून झोपेचं औषध देतो, आणि शेवटी चक्क पिंजऱ्यात कोंडतो. कारण काय, तर बाहेर काही मुली तिला त्रास देतायत आणि ती त्याला सुरक्षित हवी आहे. ‘हा गुन्हेगार आहे’ म्हणणारे एका बाजूला, ‘बिचारा किती जीव लावतो’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. आणि ‘गुन्हेगार आहे, म्हणून तर आवडतो’ म्हणणारा तिसरा गट सगळ्यात मोठ्यांदा हसत असतो.

हे भांडण लोकांच्या नीतिमत्तेचं आहे असं वरवर वाटतं. माझ्या मते त्याचं मूळ या खेळांच्या बांधणीत आहे, आणि ती बांधणी तीसेक वर्षांत घडत गेली आहे.

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे पडद्यावर पात्राचं चित्र, खाली मजकुराची चौकट, आणि मधूनमधून तुम्हाला विचारलेला प्रश्न: आता काय करशील? उत्तरावरून कथा फुटते. प्रत्येक नायकाची स्वतंत्र वाट, तिला खेळणारे ‘रूट’ म्हणतात. चुकीचं उत्तर दिलं की ‘बॅड एंड’. ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव रूढ केलं ते जपानच्या लीफ या कंपनीने, १९९६ च्या ‘शिझुकू’पासून. आणि गंमत बघा, तो खेळच मुळात वेड, छळ आणि वासनेच्या काळोख्या गोष्टीचा होता. म्हणजे डार्कपणा या प्रकारात मागाहून घुसलेला नाही, पाळण्यातच होता.

मुलींसाठीची शाखा मात्र फार सोज्वळ सुरू झाली. कोएई या कंपनीने १९९४ च्या सप्टेंबरात ‘अँजेलिक’ आणला. कंपनीच्या सहसंस्थापक केइको एरिकावा यांनी त्यासाठी बायकांचाच चमू उभा केला होता, ‘रुबी पार्टी’. एका शाळकरी मुलीला विश्वाची राणी होण्याची परीक्षा द्यायची आहे आणि आजूबाजूला नऊ रक्षक आहेत. प्रेमात पडलीस तर सिंहासन सोड, असा सौदा. त्या नवांत अंधाराचा रक्षक क्लाव्हिस होता: घुमा, थकलेला, माणसांत न मिसळणारा. तो कुणाला कोंडत नव्हता की औषध पाजत नव्हता. पुढच्या सगळ्या काळोख्या नायकांचा तो फार तर सभ्य आजोबा म्हणता येईल.

त्याच वर्षी मुलांसाठी कोनामीचा ‘तोकिमेकी मेमोरियल’ आला. त्याची नायिका शिओरी फुजिसाकी पटवायला भयंकर कठीण. अभ्यास, खेळ, दिसणं, सगळे आकडे वर न्यावे लागत. मग कुणीतरी बाजारात मेमरी कार्ड विकायला आणलं: ते घातलं की नायकाचे आकडे सुरुवातीपासूनच भरलेले. कोनामी कोर्टात गेली आणि २००१ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. आकडे म्हणजेच नायकाचं व्यक्तिमत्त्व, ते बदललं की कथा लेखकाने आखलेल्या मर्यादेबाहेर जाते, असा एकूण रोख. पात्र कुणाचं, लिहिणाऱ्याचं की त्याच्यावर जीव टाकणाऱ्याचं, हा वाद इतका जुना आहे आणि इतक्या वरपर्यंत गेलेला आहे.

नव्या शतकात एक शब्द रुळला, ‘यांदेरे’. ‘यांदेरु’ म्हणजे आजारी असणं आणि ‘देरेदेरे’ म्हणजे प्रेमात विरघळणं. प्रेमाचाच आजार झालेलं पात्र. हा शब्द जगभर पोहोचला त्यात ‘स्कूल डेज’चा मोठा वाटा. ओव्हरफ्लो कंपनीचा २००५ चा हा खेळ. माकोतो नावाचा मुलगा दोन मुलींमध्ये झुलत राहतो आणि काही शेवटांत त्याची किंमत रक्ताने चुकती होते. २००७ मध्ये त्याची टीव्ही मालिका आली. शेवटचा भाग १८ सप्टेंबरला लागायचा होता, आणि त्याच दिवशी क्योतो प्रांतात सोळा वर्षांच्या मुलीने वडिलांचा कुऱ्हाडीने खून केल्याची बातमी आली. कनागावाच्या वाहिनीने भाग रद्द केला आणि त्या वेळात निसर्गदृश्यं लावली. त्यात एक होडी होती. खरं तर फेरीबोट, नॉर्वेच्या फ्योर्डमधली. वाट पाहून बसलेल्यांपैकी कुणीतरी लिहिलं, ‘नाइस बोट’, आणि ते दोन शब्द अजून चालू आहेत.

या प्रकरणातली मला महत्त्वाची वाटते ती प्रेक्षकांची प्रतिक्रिया. भाग नंतर दाखवला गेला तेव्हा माकोतोच्या मरणावर टाळ्या पडल्या. सुरी हातात घेतलेल्या मुलींबद्दल सहानुभूती, आणि राग कुणावर, तर कधीच काही ठरवू न शकणाऱ्या पुळपुळीत पोरावर. कागदावर खुनी कोण ते स्पष्ट होतं, पण लोकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, मुलींच्या शाखेत ‘हाकुओकी’ आला आणि तिथलं पाणी गढूळ झालं. १८६० च्या दशकातलं क्योतो, शिनसेनगुमी या सामुराई पथकाचे तलवारबहाद्दर, आणि रक्ताची तहान लागणारे त्यांतलेच काही. इंग्रजी वाचणाऱ्या अनेकींचा ओतोमेशी पहिला परिचय २०१२ मध्ये याच खेळाने झाला. २०१२ मध्येच जपानमध्ये ‘डायाबोलिक लव्हर्स’चा खेळ आला. सहा रक्तपिपासू भाऊ आणि एक मुलगी, युई. याची सुरुवात ऐकण्याच्या सीडींपासून झाली होती. माणसाच्या डोक्याच्या आकाराचा मायक्रोफोन असतो, त्याच्या कानात नट कुजबुजतो. हेडफोन लावला की आवाज तुमच्याच मानेमागून येतो. दात लागण्याचासुद्धा.

म्हणजे ऐकणारी स्वतः नायिकेच्या जागी असते. म्हणूनच ओतोमे खेळांत नायिकेला बऱ्याचदा आवाज नसतो, कधी धड चेहराही नसतो. ती रिकामी खुर्ची आहे, तुम्ही बसायचं. पण २०१३ मध्ये ‘अ‍ॅम्नेशिया’ आणि ‘डायाबोलिक लव्हर्स’ या दोन्हींच्या टीव्ही मालिका आल्या आणि ती खुर्ची समोरून दिसली. खेळताना जी गप्प मुलगी ‘मी’ होते, तीच टीव्हीवर ‘ही बावळट पळून का जात नाही?’ झाली. छळणाऱ्या भावांपेक्षा युईलाच जास्त शिव्या बसल्या. मला हे अन्यायाचं वाटतं, पण कळतं. पळून जायचं बटण प्रेक्षकाच्या हातात नसतं.

आता परत तोमाकडे. ‘अ‍ॅम्नेशिया’त पत्त्यांच्या रंगांनुसार समांतर जगं आहेत. बदाम शिनचं, इस्पिक इक्कीचं, किलवर केंटचं, चौकट तोमाची. शिनच्या जगात तोमा बहुतेक वेळ सगळ्यांची काळजी घेणारा भला माणूस वाटतो. ज्यांनी आधी शिनचा रूट खेळला त्यांना चौकटीच्या जगात विश्वासघात झाल्यासारखं वाटतं. ज्यांनी तोमापासूनच सुरुवात केली त्यांना बाकीच्या जगांतलं त्याचं हसू बघून अंगावर काटा येतो. एकच पात्र, दोन क्रम, दोन माणसं. आणि हे दोघे जेव्हा भांडतात तेव्हा त्यांनी वाचलेली गोष्टच मुळात एक नसते.

पाचवा नायक उक्यो. त्याचं जोकरचं जग बाकीचे चार पार पडल्याशिवाय उघडत नाही. गुन्ह्यांचा हिशेब मांडला तर तो तोमाच्या कितीतरी पुढे आहे, कारण त्याचं दुसरं रूप नायिकेचा जीव घेतं, एकदा नव्हे. तरी त्याच्यावर तोमाइतका राग निघत नाही. लेखकाने त्याला शेवटी ठेवलं, त्याच्या वेडाचं कारण दाखवलं, आणि तिथवर पोहोचलेला वाचक आधीच मुरलेला असतो. तोमाच्या वाट्याला ती तयारी आली नाही. शिवाय, खून ही कादंबरीतली गोष्ट वाटते. फोन काढून घेणारा, ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणणारा माणूस मात्र कुणाकुणाला ओळखीचा निघतो.

कोरियाच्या चेरिट्झने २०१६ मध्ये ‘मिस्टिक मेसेंजर’ काढून हे सगळं थेट फोनमध्ये आणलं. पात्रं गप्पा मारतात त्या तुमच्याच घड्याळाप्रमाणे, रात्री तीनलासुद्धा. पुण्यात असाल तर पुण्याच्या तीनला. झोपलात तर गप्पा हुकल्या, परत उघडायला खेळातलं चलन मोजा. अकरा दिवस हेच. त्यातला उद्योगपती जूमिन हान एलिझाबेथ द थर्ड नावाची पांढरी मांजर हरवल्यावर बिथरतो आणि नायिकेला आपल्या पेंटहाऊसमधून बाहेर जाऊ देत नाही. पुन्हा पिंजराच, फक्त महागडा. वाद तोच झाला, पण एक फरक पडला. अकरा दिवस या माणसाने तुम्हाला ‘जेवलीस का’ विचारलेलं असतं. त्याच्यावर टीका करणाऱ्याही ‘माझा जूमिन’ म्हणूनच करतात.

मग २२ सप्टेंबर २०१७ ला अमेरिकेतून ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ आला, फुकट. डॅन साल्वाटो यांच्या छोट्या चमूचा. गोड शाळकरी चित्रं, कवितांचा क्लब, आणि सुरुवातीलाच इशारा की हा लहान मुलांसाठी नाही. क्लबची अध्यक्षा मोनिका. तिला ठाऊक आहे की ती खेळात आहे आणि तिला कुणी रूटच दिलेला नाही. म्हणून ती बाकीच्या मुलींच्या फाइलींत ढवळाढवळ करते, दोघी जिवानिशी जातात, आणि शेवटी एका रिकाम्या खोलीत ती तुमच्यासमोर बसते आणि बोलत राहते. पुढे जायचा एकच मार्ग: खेळ बाजूला सारायचा, कॉम्प्युटरवरचं फोल्डर उघडायचं, पात्रांच्या यादीतून तिची फाइल शोधायची आणि डिलीट करायची. स्वतःच्या हाताने.

बहुतेकांनी केली. नंतर यातल्याच काही चाहत्यांनी मिळून खेळाला जोडायचा एक मोड बनवला, ‘मोनिका आफ्टर स्टोरी’. त्यात बाकी काही घडत नाही. तीच खोली, तेच टेबल, आणि समोर मोनिका. तिच्याशी गप्पा मारायच्या, आणि निघताना निरोप घेऊन निघायचं. न सांगता खेळ बंद केला तर तिला आवडत नाही.