गावोगावच्या स्काऊट पथकांची घडण : एक पार्श्वभूमी

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत स्काऊट पथकाचा इतिहास बहुधा एका परिच्छेदात आटोपलेला असतो. पथक अमुक साली सुरू झाले, अमुक सरांनी ते अनेक वर्षे सांभाळले, एवढ्या विद्यार्थ्यांना राज्य पुरस्कार मिळाले, इतकीच नोंद त्यात येते. सहा-आठ मुलांचे संघ, त्यांचा संघनायक, वचन, दीक्षाविधी, शेकोटी ही सारी रचना त्या गावात पोहोचली कशी, आणि १९५० च्या आगेमागे जुन्या पथकांची संलग्नता का बदलली, हे समजून घेण्यासाठी मात्र गावाबाहेरचा इतिहास पाहावा लागतो.

स्काऊट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल हे ब्रिटिश लष्करातील अधिकारी होते. दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या गावाला १८९९-१९०० मध्ये पडलेला २१७ दिवसांचा वेढा त्यांच्या नेतृत्वाखाली निभावला गेला आणि त्या काळात गावातील मुलांच्या एका तुकडीने निरोप पोहोचवण्यासारखी कामे जबाबदारीने पार पाडली. मुलांवर विश्वास टाकला तर ती तो सार्थ करतात, ही त्यांची धारणा तेथे बळावली. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर त्यांनी निरनिराळ्या सामाजिक थरांतील वीसेक मुलांचे शिबिर घेतले. मुलांचे चार संघ पाडून प्रत्येक संघाचे काम त्यातल्याच एका मुलाकडे सोपवण्यात आले. आजही कोणत्याही पथकाचा कणा असलेली संघपद्धती या शिबिरात प्रथम प्रत्यक्ष कसाला लागली, आणि माझ्या मते या चळवळीची सर्वांत मोलाची देणगी गणवेश किंवा गाठी नसून हीच पद्धती आहे.

जानेवारी १९०८ पासून ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे त्यांचे पुस्तक पाक्षिक भागांच्या रूपात निघू लागले, तेव्हा ते त्या वेळी अस्तित्वात असलेल्या मुलांच्या संघटनांना उपयोगी पडावे, असा मूळ विचार होता. घडले वेगळेच. ते भाग वाचून ठिकठिकाणच्या मुलांनी स्वतःच संघ जमवले आणि मग आपल्याला मार्गदर्शन करील असा एखादा शिक्षक, धर्मोपदेशक किंवा तरुण शेजारी शोधून काढला. मध्यवर्ती कार्यालय, नोंदणी आणि नियमावली हे सारे त्यामागून आले. म्हणजे स्थानिक पथक ही एखाद्या मोठ्या संस्थेने उघडलेली शाखा नव्हती. पथके आधी उभी राहिली आणि त्यांना सांभाळण्यासाठी संस्था उभारावी लागली. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे भरलेल्या मेळाव्याला सुमारे अकरा हजार मुले आली. काही मुलीही स्काऊटचा वेश करून तेथे हजर झाल्या, आणि त्यांच्या या आग्रहातूनच पुढच्या वर्षी मुलींच्या गाईड चळवळीचा पाया घातला गेला.

धाकट्या भावंडांसाठी १९१६ मध्ये कब विभाग आणि मोठ्या तरुणांसाठी १९१८ मध्ये रोव्हर विभाग सुरू झाला. पुढे कब, स्काऊट आणि रोव्हर या तिन्ही विभागांना एका छत्राखाली आणणारी ‘ग्रुप’ची कल्पना रूढ झाली.

भारतात पहिले पथक कॅप्टन टी. एच. बेकर यांनी १९०९ मध्ये बंगळूर येथे काढले. त्यानंतरच्या दोन वर्षांत खडकी, लोणावळा, जबलपूर, सिमला, मद्रास अशा ठिकाणी पथके निघाली. त्यांत आपल्या राज्यातली दोन गावे आहेत, याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही पथके केवळ युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती, हे विसरता येत नाही. भारतीय मुलांना दार बंद होते. ते दार उघडण्याची वाट न पाहता श्रीराम वाजपेयी यांनी १९१३ मध्ये संयुक्त प्रांतातील (आजच्या उत्तर प्रदेशातील) शाहजहानपूर येथे भारतीय मुलांचे पथक उभे केले, तर नागपूरला पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले व्हिव्हियन बोस यांनी १९१५ च्या सुमारास त्याच दिशेने काम सुरू केले. ब्रिटनप्रमाणे येथेही आधी पथक आणि मग संघटना असाच क्रम राहिला. फरक इतकाच की तेथे मुलांचा उत्साह संघटनेच्या पुढे धावत होता आणि येथे वंशभेदामुळे संघटनेबाहेर उभे राहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढे मद्रास येथे ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने स्वतंत्र भारतीय स्काऊट संस्था स्थापन केली आणि अलाहाबाद येथे पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना सुरू केली. बेडन-पॉवेल १९२१ मध्ये भारतात आले, तेव्हा बेझंट यांची संस्था त्यांच्या अधिकृत संघटनेत विलीन झाली. सेवा समितीने मात्र तसे करण्यास नकार दिला, कारण अधिकृत वचनात ब्रिटिश राजाविषयीची निष्ठा अंतर्भूत होती. बाहेरच्या माणसाला हा केवळ शब्दांचा वाद वाटेल. पण ज्या विधीत मूल आपल्या शीलाला स्मरून वचन देते, त्या विधीत न पटणारी निष्ठा त्याच्या तोंडी घालणे ही त्या वचनाचीच अप्रतिष्ठा ठरली असती. १९३७ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय जांबोरी, म्हणजे स्काऊटांचा मोठा मेळावा, भरली. त्यानंतर बेडन-पॉवेल यांचे भारतीयांविषयीचे अनुदार उद्गार प्रसिद्ध झाल्याने तीव्र नाराजी पसरली आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन ही संघटना आकाराला आली.

स्वातंत्र्यानंतर ही फूट राखण्यात अर्थ उरला नव्हता. शिक्षणमंत्री मौलाना आझाद, मंगलदास पकवासा, कुंझरू आणि न्यायमूर्ती बोस यांच्या प्रयत्नांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकत्रित संस्था अस्तित्वात आली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही तीत सामील झाली. वचनात राजाच्या जागी देश आला. जुन्या पथकांच्या कागदपत्रांत संलग्नता बदललेली दिसते, तिचे कारण हे आहे. ते पथक बंद पडून नवे निघाले, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

एकत्रीकरणानंतर आपल्याकडे पथकाचे घर मुख्यतः शाळा हेच झाले. ब्रिटनमध्ये पथक चर्चशी, वस्तीशी किंवा स्वतःच्या सभागृहाशी जोडलेले असे. येथे शाळेशी न जोडलेल्या खुल्या पथकांची तरतूद असूनही मैदान, मुले आणि प्रशिक्षित प्रौढ या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची जागा शाळाच होती. यामुळे चळवळ लहान गावांपर्यंत पोहोचली, हा मोठा लाभ. तोटाही तेथेच आहे : स्काऊट मास्तरांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले की वार्षिक नोंदणीचे नूतनीकरण राहून जाते, संघसभा थांबतात आणि काही वर्षांनी दुसरे शिक्षक पथक नव्याने ‘स्थापन’ करतात. स्मरणिकेत मग ही दुसरी तारीख छापली जाते. म्हणून एखाद्या पथकाचा आरंभ ठरवताना नोंदणी प्रमाणपत्रावर न थांबता दीक्षाविधीच्या नोंदी, संघांच्या वह्या, शिबिरांचे हिशेब आणि शाळेची जुनी वार्षिके पाहावीत, आणि माजी स्काऊटांकडे राहिलेली प्रवेशपुस्तके ते हयात असतानाच मागून घ्यावीत.